गाणे कोणत्या भाषेत गावे?



सकाळच्या वेळी गोंदियाच्या रेल्वे स्टेशनाबाहेर दहा मिनिटे उभे राहा आणि फक्त कान उघडे ठेवा. रिक्षावाला हिंदीत हाक मारील. भाजीवाली मराठीत भाव सांगेल. डोंगरगडकडून आलेल्या गाडीतून उतरणारी माणसे छत्तीसगढीत बोलत जातील. कुणाच्या तोंडी पोवारी असेल, कुणाच्या तोंडी गोंडी. आणि त्याच रस्त्याने शाळेकडे निघालेले तुम्ही आपसांत उर्दूत बोलत असाल. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. म्हणून इथे भाषांची बाजारपेठच भरलेली असते. कोण कोणत्या भाषेत बोलतो, याचे इथे कुणाला नवल वाटत नाही.

पण बोलणे वेगळे आणि चार लोकांसमोर उभे राहून गाणे वेगळे. ही गोष्ट मला माझ्या वर्गाने शिकवली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा गट तालुक्याच्या समूहगीत स्पर्धेत गेला होता. गीत मराठी होते. आमच्या गटात एक मुलगी फार गोड गात असे, म्हणून तिला पुढे उभे केले होते. गाण्यात ‘बाळ’ हा शब्द आला. तिच्या तोंडून ‘बाल’ असा उच्चार झाला. समोर बसलेली दुसऱ्या शाळेची मुले हसली. तिने गाणे पुरे केले, पण आवाज बसला तो बसलाच.

पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धेची सूचना आली. मी वर्गात विचारले, “कोण कोण भाग घेणार?” ती मुलगी उठली आणि हळूच म्हणाली, “सर, मी गाईन. पण मला मागच्या रांगेत उभी करा.”

वर्गात एकच गलका झाला. एक मुलगा म्हणाला, “सर, या वेळी उर्दूत गाऊ. मग बघू कोण हसतो ते!” दुसरा म्हणाला, “नको, हिंदीत गाऊ. गोंदियात हिंदी सगळ्यांनाच समजते.” तिसरी म्हणाली, “पण नंबर मराठी गाण्यालाच मिळणार.” प्रत्येकाचे म्हणणे थोडे थोडे खरे होते. मी त्या दिवशी काहीच उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात युरोपचा नकाशा घेऊन गेलो आणि मुलांना एक गोष्ट सांगितली. तीच गोष्ट आज तुम्हांला सांगतो. कारण हाच प्रश्न तिकडे मोठमोठ्या देशांनाही पडला आहे, तोही कोट्यवधी लोक पाहत असताना!

युरोपात दरवर्षी एक गीतस्पर्धा होते. तिचे नाव ‘युरोव्हिजन’. तिची सुरुवात कशी झाली ते ऐका. दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले. कालपर्यंत एकमेकांवर बाँब टाकणारे देश शेजारी शेजारी राहत होते. तेव्हा दूरदर्शन नुकतेच घरोघर येऊ लागले होते. वेगवेगळ्या देशांच्या प्रसारण संस्थांनी १९५० मध्ये एक संघ स्थापन केला. एकच कार्यक्रम एकाच वेळी अनेक देशांत दाखवता येईल का, असा विचार पुढे आला. त्यासाठी गाण्यांची स्पर्धा ठरली. पहिली स्पर्धा २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो या गावी झाली. तिच्यात केवळ सात देश होते. प्रत्येक देशाने दोन गाणी पाठवली. यजमान स्वित्झर्लंडच्या लिस आसिया या गायिकेचे गाणे पहिले आले.

या स्पर्धेची रीत समजून घ्या. प्रत्येक देश आपल्यातर्फे एक गाणे निवडून पाठवतो. हीच त्या देशाची प्रवेशिका. गाणे तीन मिनिटांपेक्षा मोठे नसावे. रंगमंचावर सहापेक्षा जास्त माणसे नसावीत. गाणी संपली की प्रत्येक देश आपल्या आवडीच्या गाण्यांना गुण देतो. सर्वांत आवडलेल्या गाण्याला १२, त्याच्या खालच्याला १०, मग ८, ७, ६ असे करत एक गुणापर्यंत. ही पद्धत १९७५ पासून चालत आली आहे. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की कोणत्याही देशाला स्वतःच्या गाण्याला गुण देता येत नाहीत. म्हणजे जिंकायचे असेल तर आपले गाणे दुसऱ्यांना आवडले पाहिजे.

आता खरी अडचण तुमच्या लक्षात येईल. आपले गाणे दुसऱ्यांना आवडायचे, तर ते आपल्या भाषेत गावे की दुसऱ्यांना समजेल अशा भाषेत?

पहिली काही वर्षे याविषयी नियमच नव्हता. सगळे आपापल्या भाषेत गात असत. १९६५ मध्ये स्वीडनचा गायक इंगवार विक्सेल याने आपले गाणे इंग्रजीत गायले. त्यावर बरीच चर्चा झाली आणि १९६६ पासून नियम झाला, की प्रत्येक देशाने आपल्याच देशाच्या भाषेत गावे. १९७३ मध्ये हा नियम काढला. लगेच १९७४ मध्ये स्वीडनच्या ‘आबा’ या गटाने इंग्रजीत गाऊन स्पर्धा जिंकली आणि तो गट जगप्रसिद्ध झाला. १९७७ मध्ये नियम पुन्हा आला. १९९९ पासून तो पुन्हा गेला. एकाच प्रश्नावर मोठ्या माणसांनी चार वेळा आपले मत बदलले! तेव्हा आमच्या वर्गात एका तासात एकमत झाले नाही, यात नवल काय?

आयर्लंडचे उदाहरण पाहा. या देशाच्या दोन राजभाषा आहेत, आयरिश आणि इंग्रजी. आयरिश ही त्यांची जुनी मायबोली. पण आज बहुतेक लोक रोजच्या व्यवहारात इंग्रजीच बोलतात. आयर्लंडने ही स्पर्धा सात वेळा जिंकली आणि सातही वेळा इंग्रजीत गाऊन. आयरिश भाषेत त्यांनी फक्त एकदाच गाणे पाठवले, १९७२ मध्ये. सँडी जोन्स या गायिकेने ते गायले. अठरा देशांत त्यांचा पंधरावा नंबर आला. पुन्हा त्यांनी आपल्या जुन्या भाषेतले गाणे स्पर्धेला पाठवले नाही.

आता तुम्हांला जवळचे वाटेल असे एक उदाहरण. १९८० मध्ये ही स्पर्धा नेदरलँड्समधील हेग शहरात झाली. त्या वर्षी आफ्रिका खंडातून मोरोक्को या देशाने भाग घेतला. समीरा बिनसईद नावाची तरुण गायिका रंगमंचावर आली आणि या स्पर्धेत पहिल्यांदाच अरबी भाषा ऐकू आली. गाण्याचे नाव होते ‘बिताकत हुब’. ‘हुब’ शब्द ऐकताच आमच्या वर्गातले अर्धे हात वर झाले. “सर, हुब म्हणजे मोहब्बत!” अगदी बरोबर. ते प्रेमाच्या संदेशाचे गाणे होते. पण सभागृहातल्या आणि युरोपातल्या फार थोड्या लोकांना तो शब्द कळला असेल. गाण्याला सात गुण मिळाले आणि तेही एकट्या इटलीकडून. एकोणीस देशांत अठरावा नंबर. मोरोक्कोने पुन्हा कधी भाग घेतला नाही. मात्र समीरा खचली नाही. ती पुढे इजिप्तला गेली आणि समीरा सईद या नावाने अरब देशांतली फार मोठी गायिका झाली. ज्या भाषेने तिला स्पर्धेत सातच गुण मिळवून दिले, त्याच भाषेने तिला पुढे लाखो श्रोते दिले.

तुर्कस्तानची गोष्ट याहून लांबलचक आहे. तुर्कस्तान १९७५ मध्ये पहिल्यांदा स्पर्धेत उतरला आणि तीन गुण मिळवून शेवटून पहिला आला. १९८३ मध्ये त्याला शून्य गुण मिळाले. १९८७ मध्ये पुन्हा शून्य! एखाद्या विद्यार्थ्याला दोनदा शून्य मिळाले तर तो पेपरच द्यायचा नाही. पण तुर्कस्तान येत राहिला. १९९७ मध्ये शेबनेम पाकेर हिने तुर्की भाषेत ‘दिनले’, म्हणजे ‘ऐक’, हे गाणे गायले. त्यात तुर्की वाद्यांचा नाद होता. या वेळी युरोपने खरोखरच ऐकले. नंबर आला तिसरा.

भाषेचा नियम गेल्यावर २००३ मध्ये सेर्ताब एरेनेर या गायिकेने इंग्रजीत गायचे ठरवले. आपल्या देशाचे गाणे आपल्या भाषेत का नाही, असे तिच्या देशात अनेकांनी विचारले. तिच्या गाण्याचे शब्द इंग्रजी होते, पण चाल आणि ताल तुर्की वळणाचे होते. लातव्हियातील रिगा शहरात स्पर्धा झाली. गुण मोजता मोजता सगळ्यांचा श्वास रोखला गेला. शेवटी तुर्कस्तानला १६७, बेल्जियमला १६५ आणि रशियाला १६४ गुण मिळाले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी शेवटी आलेला देश पहिला आला! आणि गंमत ऐका. दोन गुणांनी मागे राहिलेल्या बेल्जियमचे गाणे कोणत्या भाषेत होते? जगातल्या कोणत्याच भाषेत नव्हते. त्या गटाने गाण्यासाठी काल्पनिक शब्द तयार केले होते. ज्या शब्दांना अर्थच नाही, त्या शब्दांचे गाणे दुसरे आले! म्हणजे गाण्यात शब्द समजणे हेच सर्व काही नसते, हेही त्या रात्री दिसून आले.

मित्रांनो, आता मी तुम्हांला जमाला या गायिकेची गोष्ट सांगतो. ती नीट लक्ष देऊन वाचा.

काळ्या समुद्रात क्रिमिया नावाचा एक द्वीपकल्प आहे. तिथे तातार नावाचे मुसलमान लोक शतकानुशतके राहत आले. त्यांची स्वतःची भाषा आहे. मे १९४४ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना, सोव्हिएत सत्ताधीश स्टालिन याने या संपूर्ण समाजावर फितुरीचा आरोप ठेवला आणि सर्वांना हद्दपार करण्याचा हुकूम दिला. म्हातारे, बायका, तान्ही मुले, कुणालाही सोडले नाही. सुमारे १ लाख ९० हजार माणसांना मालगाडीच्या डब्यांत कोंडून हजारो किलोमीटर दूर मध्य आशियात नेऊन टाकले. वाटेत आणि नंतरच्या वर्षांत उपासमारीने व रोगराईने हजारो माणसे मेली.

त्या गाडीत जमालाची पणजी होती. तिचे नाव नजीलखान. तिचा नवरा त्याच सोव्हिएत सैन्यात लढत होता आणि इकडे ती पाच मुलांना घेऊन डब्यात कोंडली गेली होती. त्या प्रवासात तिची एक मुलगी वारली. जमालाचा जन्म १९८३ मध्ये मध्य आशियातील किरगिझिस्तानात झाला. तातार लोकांना क्रिमियात परतण्याची मोकळीक मिळाली तेव्हा तिचे कुटुंब मायभूमीला परत आले. पणजीची ती हकिकत जमालाने घरात ऐकली होती. मोठी झाल्यावर तिने तिचे गाणे केले. गाण्याचे नाव ठेवले ‘१९४४’.

२०१६ मध्ये युक्रेन देशाने हेच गाणे आपली प्रवेशिका म्हणून निवडले. स्पर्धा स्वीडनच्या स्टॉकहोम शहरात होती. गाण्यातून राजकारण करू नये, असा स्पर्धेचा नियम आहे. या गाण्यावर रशियाकडून आक्षेपही घेतला गेला. पण गाण्याचे नाव आणि शब्द नियमात बसतात, असा निर्णय आयोजकांनी दिला. जमालाने कडवी इंग्रजीत गायली आणि ध्रुवपद आपल्या तातार भाषेत गायले. ते शब्द तिने आपल्या लोकांच्या जुन्या लोकगीतातून घेतले होते. जी भाषा बोलणाऱ्यांना एकदा गाडीत भरून दूर फेकले होते, ती भाषा त्या रात्री कोट्यवधी घरांत ऐकू गेली. या स्पर्धेत ती पहिल्यांदाच ऐकू येत होती.

निकालही मोठा चमत्कारिक लागला. परीक्षकांच्या गुणांत ऑस्ट्रेलिया पहिला. प्रेक्षकांच्या गुणांत रशिया पहिला. युक्रेन दोन्हीकडे दुसरा! पण दोन्ही पेपरांत दुसरा आलेला विद्यार्थी एकूण बेरजेत पहिला येऊ शकतो ना? तसेच झाले. ५३४ गुण मिळवून ‘१९४४’ हे गाणे पहिले आले.

त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, पोर्तुगालच्या साल्वादोर सोब्राल याने एक शांत गाणे आपल्या पोर्तुगीज भाषेत गायले. ते त्याच्या बहिणीने लिहिले होते. ना दिव्यांचा झगमगाट, ना नाचणारे साथीदार. पोर्तुगाल १९६४ पासून प्रयत्न करत होता. त्याला पहिले यश या गाण्याने मिळाले.

तुम्ही विचाराल, “यात आपला देश कुठे आहे?” युरोव्हिजनमध्ये भारत नाही. पण अशाच दुसऱ्या एका स्पर्धेत आपल्या देशाचे गाणे गेले आहे. तिचे नाव ‘इंटरव्हिजन’. ती पूर्वी पूर्व युरोपातील देशांत होत असे. पुढे ती बंद पडली. २०२२ पासून रशियाला युरोव्हिजनमध्ये भाग घेता येईना, तेव्हा रशियाने २० सप्टेंबर २०२५ रोजी मॉस्कोजवळ ही स्पर्धा नव्याने भरवली. तिथे भारतातर्फे रौहान मलिक हा गायक उतरला. त्याच्या गाण्याचे नाव होते ‘इश्क’. या शब्दाचा अर्थ उर्दू शाळेतल्या मुलांना सांगायला नकोच! आपल्या गाण्याला नंबर मिळाला नाही. पहिला नंबर व्हिएतनामच्या गायकाचा आला. त्याचे गाणे त्यांच्याकडच्या एका प्राचीन दंतकथेतील वीरावर होते. किरगिझिस्तान दुसरा आणि कतार तिसरा आला.

आता सगळ्या उदाहरणांचा हिशेब मांडू. मोरोक्कोने आपल्या भाषेत गायले आणि हरला. पोर्तुगालने आपल्या भाषेत गायले आणि जिंकला. तुर्कस्तानने परक्या भाषेत गायले आणि जिंकला. युक्रेनने दोन भाषांत गायले आणि जिंकला. मग उत्तर काय? उत्तर असे, की भाषा स्वतः गुण देत नाही आणि गुण कापतही नाही. आपली भाषा लहान आहे म्हणून लाजण्याचे कारण नाही. दुसऱ्याची भाषा घेतली म्हणून आपण आपले राहत नाही, असेही नाही. मात्र ज्या भाषेत गायचे ती भाषा मेहनतीने आपली करून घ्यावी लागते.

ही मेहनत कशी असते, हे आपल्या महाराष्ट्रातच पाहता येते. लता मंगेशकर यांची मातृभाषा मराठी. त्या नवीन गायिका होत्या तेव्हाची गोष्ट. १९४७ च्या सुमारास मुंबईच्या लोकल गाडीत संगीतकार अनिल विश्वास यांनी त्यांची ओळख दिलीपकुमार यांच्याशी करून दिली. ही मुलगी मराठी आहे, असे कळताच दिलीपकुमार म्हणाले, की मराठी लोकांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो. लताबाईंना ते लागले. पण त्या मागच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या नाहीत. त्यांनी एका मौलानांकडे उर्दूची शिकवणी लावली. ही आठवण त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितली आहे. पुढे त्यांच्या गझला ऐकून ‘क’ आणि ‘क़’ यांतला फरक कसा असतो, हे लोक शिकू लागले. आणि दिलीपकुमार यांना त्या पुढे आपला भाऊ मानत.

याच्या उलट दिशेने आलेली माणसेही आहेत. महंमद रफी पंजाबातले. त्यांनी संगीतकार श्रीकांत ठाकरे यांच्याकडे मराठी गाणी गायली. ती आजही आवडीने ऐकली जातात. आणि शाहीर अमर शेख यांना कोण विसरेल? बार्शीच्या एका गरीब मुसलमान घरातला हा मुलगा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत डफावर थाप मारून गाऊ लागला, की हजारोंची सभा जागी होत असे. त्यांची मराठी ऐकून कुणी हसले नाही.

ही सर्व गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा घंटा झाली होती, पण मुले उठली नाहीत. मग त्या मुलीने विचारले, “सर, लताबाईंना ‘क़’ यायला किती दिवस लागले?”

मी म्हणालो, “ते मला ठाऊक नाही, बेटा. पण ‘ळ’ आपण आजपासून सुरू करू.”

तुम्हीही करून पाहा. ‘ल’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते. ‘ळ’ म्हणताना तेच टोक वर टाळूकडे वळवायचे आणि झटक्याने खाली आणायचे. ‘शाळा’, ‘फळा’, ‘डोळा’, ‘वेळ’. आणि आपल्या गोंदियाचा शब्द तर विसरू नका, ‘तांदूळ’! एवढ्या राईस मिलच्या गावात राहून हा शब्द आला नाही, तर कसे चालेल? आणखी एक गोष्ट सांगतो. हा ‘ळ’ फक्त तुम्हांलाच अवघड जातो, असे मानू नका. आपल्या भागातल्या झाडीबोलीत ‘ळ’ च्या जागी ‘र’ ऐकू येतो. तीही मराठीच आहे. तेव्हा कुणाच्या उच्चारावर हसण्यापूर्वी हसणाऱ्याने आधी स्वतःची बोली आठवावी.

गाणे शेवटी मुलांनीच ठरवले. दोन कडवी मराठीत आणि एक कडवे उर्दूत. नियमात ते बसते का, हे मी आयोजकांना आधी विचारून घेतले. त्यांनी हरकत घेतली नाही. तीन आठवडे मधल्या सुट्टीत सराव झाला. स्पर्धेच्या दिवशी ती मुलगी पुढच्या रांगेत, मधोमध उभी राहिली.

आमचा नंबर आला नाही. बक्षीस दुसऱ्या शाळेला मिळाले आणि त्यांचे गाणे खरोखर छान झाले होते. पण आमच्या गाण्यात ‘ळ’ पाच वेळा आला आणि पाचही वेळा बरोबर आला. मी बोटांवर मोजत होतो.

शब्दार्थ

प्रवेशिका – स्पर्धेसाठी पाठवलेली वस्तू किंवा रचना
समूहगीत – अनेकांनी मिळून गायलेले गीत
उच्चार – तलफ्फुज
मायबोली – मादरी ज़बान
यजमान – मेज़बान
हद्दपार करणे – जिलावतन करना
फितुरी – ग़द्दारी
पणजी – परदादी किंवा परनानी
द्वीपकल्प – जज़ीरानुमा
ध्रुवपद – गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी ओळ
परीक्षक – मुन्सिफ़

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गोंदिया जिल्हा कोणत्या जिल्ह्यातून वेगळा झाला?
(आ) युरोव्हिजनची पहिली स्पर्धा कुठे झाली?
(इ) मोरोक्कोच्या गाण्याला कोणत्या देशाने गुण दिले?
(ई) २००३ मध्ये दुसऱ्या आलेल्या गाण्याच्या शब्दांत वेगळे काय होते?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मुलीने मागच्या रांगेत उभे राहण्याची परवानगी का मागितली?
(आ) जमालाच्या पणजीवर कोणते संकट आले?
(इ) दोन्हीकडे दुसरा येऊनही युक्रेन पहिला कसा आला?

प्र. ३. जोड्या लावा.
लता मंगेशकर – मराठी गाणी
महंमद रफी – उर्दूची शिकवणी
अमर शेख – डफ

प्र. ४. पाठातून ‘ळ’ असलेले दहा शब्द शोधा. ते मोठ्याने वाचा आणि एकमेकांचे उच्चार तपासा.

प्र. ५. तुमच्या वर्गाला एक गाणे स्पर्धेसाठी पाठवायचे आहे. तुम्ही कोणती भाषा निवडाल? का? आठ ओळी लिहा.

उपक्रम : आपल्या घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारा, की त्यांच्या लहानपणी लग्नात किंवा शेतावर कोणती गाणी गायली जात. ती कोणत्या भाषेत होती, याची नोंद वहीत करा.